वासराचा रंग आणि वासराचा बाप



ऊस विकास विभागाने गाईवर लेख का लिहावा, असे काहींना वाटेल. पण लागणीच्या नोंदी घ्यायला आणि बेणेमळे पाहायला आम्ही गटागटांतून फिरतो, तेव्हा बांधावर उसापाठोपाठ बोलणे निघते ते गोठ्याचेच. उसाचे बिल हप्त्याहप्त्याने मिळते, रोजचा घरखर्च चालतो तो दुधावर. त्यात एक तक्रार वरचेवर कानावर येते : "साहेब, कांडी भरली होलस्टीनची आणि वासरू झालं नुसतं काळं. अंगावर पांढरा पट्टा म्हणून नाही. आम्हांला फसवलं." मग कोणी ती कालवड मातीमोल किमतीने विकून टाकतो, कोणी रेतन करणाऱ्याशी कायमचे वाकडे घेतो.

तेव्हा रंगावरून बाप ओळखता येतो का, याचा एकदा नीट विचार करू. थोडक्यात सांगायचे तर रंगावरून संशय घेता येतो, निकाल देता येत नाही.

दोन कांड्यांतला फरक

उसाची कांडी लावली की बेणे ज्या वाणाचे, तोच वाण उगवतो. को. 86032 लावा, 86032 च येणार. तिथे बापाचा प्रश्नच नाही. पण हा वाण मुळात जन्मला तो को. 62198 ही आई आणि को. सी. 671 हा बाप यांच्या संकरातून. संकराच्या बियांतून जी रोपे निघतात ती एकसारखी नसतात, म्हणून तर त्यांतून वर्षानुवर्षे निवड करावी लागते. गाईचे वासरू हे कांडीवरचे बेणे नव्हे, ते बियांतून आलेले रोप आहे. रंगाच्या प्रत्येक गुणासाठी त्याला दोन जनुके मिळतात, एक आईकडून व एक बापाकडून. दोन्ही सारखी नसली तर त्यांतले जे प्रबळ, ते अंगावर दिसते. दुसरे सुप्त, म्हणजे आत दडून राहते. पण ते नाहीसे होत नाही, पुढच्या पिढीत जाऊ शकते.

वासरू बांडे का झाले नाही ?

होलस्टीनचा काळा रंग प्रबळ आहे. अंगभर एकच रंग असणे हेही प्रबळ, आणि होलस्टीनचे बांडेपण सुप्त. आता आपली ढवळी किंवा कोसी खिलार गाय घ्या. ती एकरंगी. तिला होलस्टीनची कांडी भरली, तर वासराला बापाकडून काळा रंग मिळतो आणि आईकडून एकरंगीपणा. म्हणून पहिल्या पिढीची वासरे बहुतेक सगळी काळीच निघतात. फार तर कपाळावर चांदा, पोटाखाली किंवा कासेजवळ थोडे पांढरे. ज्या काळ्या वासरावरून भांडण होते, ते बहुधा अगदी नियमाप्रमाणे झालेले असते.

हीच काळी कालवड पुढे होलस्टीनच्याच कांडीने फळली तर तिची सरासरी निम्मी वासरे बांडी होतात. जर्सीच्या कांडीने फळली तर वासरू काळे होईल किंवा हरणासारखे भुरेही होईल. एकाच आईबापांची दोन वासरे दोन रंगांची झाली, तरी त्यात नवल नाही.

शिवाय वासराचा जन्मतःचा रंग टिकतोच असेही नाही. खिलार वासराची टाळू जन्मतः तांबूस असते आणि दोनेक महिन्यांत तो रंग जातो. तेव्हा चार दिवसांच्या वासराकडे बघून पंचायत बसवू नये.

काळ्या आईबापांचे तांबडे वासरू

काही काळ्या होलस्टीनांत तांबड्या रंगाचे जनुक दडलेले असते. अशी गाय आणि असाच वळू एकत्र आले तर सरासरी चारांतले एक वासरू तांबडे-पांढरे होते. आईबाप दोघे काळे, वासरू तांबडे, आणि बाप मात्र खरा ! अमेरिकेत 1970 च्या सुमारापर्यंत अशी वासरे शुद्ध असूनही होलस्टीनच्या मुख्य वंशनोंदवहीत घेत नसत. दोष त्यांच्या वंशात नव्हता, दुधातही नव्हता, नुसता रंगात होता. पुढे नोंद खुली झाली. आपल्या बाजारात आजही काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांना वरचढ भाव मोजला जातो. दूध पट्ट्यांत नसते, हे गाय विकत घेताना ध्यानात ठेवावे.

एका जुळ्याची गोष्ट

रंग कधी कधी नेमका सुगावाही देतो. अमेरिकेत मेरीलँड राज्यात एका गर्न्सी जातीच्या गाईला तिच्याच जातीचा वळू दाखवला होता, आणि त्याच माजात शेजारचा हेरफर्ड वळू कुंपण मोडून आत आला. गाईला जुळे झाले. हेरफर्डचा पांढरा चेहरा हा प्रबळ गुण. एका वासराचा चेहरा तसा पांढरा निघाला. एकाच पोटातून दोन बापांची दोन वासरे ! विस्कॉन्सिन येथील शास्त्रज्ञ रे ओवेन यांनी त्यांचे रक्त तपासले, तर दोन्ही वासरांत दोन्ही बापांच्या खुणा सापडल्या. गर्भात जुळ्यांच्या रक्तवाहिन्या जोडल्या जाऊन रक्त एकमेकांत मिसळते, हे त्यांनी 1945 साली दाखवून दिले. म्हणजे जुळ्यांत नुसते रक्तही दिशाभूल करू शकते.

याच मिसळण्यामुळे गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली जुळी कालवड दहांत नऊ वेळा वांझ निघते. तिला मोठी करण्याचा खर्च करण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.

निकाल कशाने लागतो ?

पूर्वी रक्तगटांवरून पितृत्व तपासत. आता डीएनए तपासणी होते. मुळासकट उपटलेले केस किंवा रक्त नमुन्याला चालते. जुळे असेल तर केसच बरे. रीत सोपी आहे. समजा, एका ठिकाणी वासरात 'क' आणि 'ख' असे दोन प्रकार सापडले. आईत 'क' आहे, 'ख' नाही. मग 'ख' बापाकडूनच आला पाहिजे. ज्या वळूत 'ख' नाही, तो बाप नव्हे. अशी अनेक ठिकाणे ताडून पाहिली की खोटा बाप गळून पडतो. आणंद येथे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या प्रयोगशाळेत अशी तपासणी होते. रेतकेंद्रासाठी निवडायच्या वळूंचे पितृत्व याच मार्गाने पडताळतात. दर वासरामागे हा खर्च करण्याची आपल्याला गरज नाही. आपल्याला पुरेल ती वही.

वही कशासाठी ?

बाप माहीत नसला की कालवड मोठी झाल्यावर तिला तिच्याच बापाची कांडी भरली जाण्याचा धोका असतो. अशा जवळच्या नात्यातली वासरे अशक्त निघतात, दूध घटते, गाय उलटण्याचे प्रमाण वाढते. रंगावरून भांडत बसण्यापेक्षा हे नुकसान कितीतरी मोठे आहे. म्हणून पुढील गोष्टी कराव्यात :

1) कांडी भरण्यापूर्वी तिच्यावर छापलेला वळूचा क्रमांक पाहावा व वहीत उतरवून घ्यावा. क्रमांक विचारण्यात अविश्वास नाही, तो आपला हक्क आहे.

2) गाईच्या कानातील बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक, रेतनाची तारीख आणि जातही लिहावी.

3) रेतनानंतर गाय मोकळी सोडू नये. माज ओसरेपर्यंत गावातल्या मोकाट वळूपासून सांभाळावी.

4) गाय उलटली तर दुसऱ्या रेतनाची नवी नोंद करावी. पहिली खोडू नये.

5) व्याल्यावर दिवस मोजावेत. गाभणकाळ साधारण 280 दिवसांचा, आठवडाभर इकडेतिकडे. माज 21 दिवसांनी येतो. म्हणून पूर्ण वाढीचे वासरू 260 दिवसांतच झाले, तर ते बहुधा आधीच्या माजाचे. 300 दिवस लागले, तर मधे दुसरा वळू लागला असण्याचा संभव. हा हिशेब रंगापेक्षा जास्त खरे सांगतो.

6) कालवड विकताना तिच्या नोंदीचा कागद घेणाऱ्याला द्यावा. आपण घेतानाही तो मागावा.

लागणीची तारीख, वाण आणि क्षेत्र यांची नोंद नसेल तर तोडणीच्या वेळी काय घोटाळा होतो, ते आपणांस सांगायला नको. गोठ्यातही तेच आहे. तरी सर्व सभासदांनी आपल्या प्रत्येक गाईमागे वहीचे एक पान राखून ठेवावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी