आयात माल नेमका कोणाचा?



गेल्या शिवारफेरीत एका सभासदाने आम्हांस विचारले, "साहेब, एक व्यापारी म्हणतोय, बाहेरच्या देशातून यंत्रं आणायचीत, माल माझा, पैसा माझा, नाव तेवढं तुमचं द्या. देऊ का?" आम्ही म्हटले, थांबा!

दुसऱ्याच्या नावावर ऊस घालण्याचा प्रकार आपणांस ठाऊक आहे. ऊस एकाचा, नोंद दुसऱ्याची. आणि बिलातून सोसायटीची वसुली त्या नावावर कापली गेली, की मग भांडण. बंदरावरही असेच होते, फक्त रक्कम मोठी.

जहाजाच्या मालाबरोबर 'बिल ऑफ लेडिंग' हा कागद असतो. माल कोणास द्यायचा, ते त्यावर लिहितात. पण तेथे कधी बँकेचे नाव असते, कधी नुसते 'हुकुमाप्रमाणे' असते. कधी तर माल समुद्रात असतानाच विकला जातो. मग नवा खरेदीदार बंदरात 'बिल ऑफ एंट्री' दाखल करतो. म्हणून एवढ्या एका कागदावर कस्टमचे भागत नाही.

सीमाशुल्क कायदा १९६२ चा. त्याप्रमाणे माल देशात आल्यापासून वापरासाठी सुटेपर्यंत 'आयातदार' या शब्दात मालाचा मालक येतो, तसाच स्वतःला आयातदार म्हणवणाराही येतो. २०१७ साली त्यात 'लाभार्थी मालक' घातला गेला. म्हणजे ज्याच्या वतीने माल आणला, किंवा मालावर ज्याचा खरा ताबा चालतो, तो. पडद्यामागचा धनी यामुळे कायद्याच्या कक्षेत आला.

मग नाव देणारा सुटला का? मुळीच नाही. बिल ऑफ एंट्रीवर माहिती खरी असल्याचे तो स्वतः लिहून देतो. किंमत कमी दाखवली, माल भलताच निघाला, तर बुडालेली ड्युटी, व्याज आणि दंड यांची नोटीस आधी त्याच्याच दारी येते. शिवाय आयात-निर्यात क्रमांक २०१७ पासून पॅनचाच असतो. तेव्हा नाव उसने देणे म्हणजे पॅनच उसना देणे.

सबब सभासदांनी एवढे ध्यानात ठेवावे: माल आपला नसेल तर नाव देऊ नये. कोऱ्या कागदावर सही करू नये. यंत्र खरेच आपल्यासाठी येत असेल, तर बिल ऑफ एंट्रीची प्रत मागून घ्यावी आणि सात-बाऱ्यासारखी जपून ठेवावी.

त्या सभासदाने नाव दिले नाही. चार पैसे हुकले खरे, पण झोप शाबूत राहिली!