विश्लेषण : ‘जॉज’चे संगीत दोनदा का ध्वनिमुद्रित झाले?

स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘जॉज’ने १९७५ मध्ये प्रेक्षकांना धडकी भरवली. शार्क दिसण्याआधीच तो आल्याची वर्दी देत होते जॉन विल्यम्स यांचे दोन सूर. मात्र त्याच वर्षी बाजारात आलेल्या एलपीवर सिनेमातले ध्वनिमुद्रण नव्हतेच!

असे का?
सिनेमाचे संगीत प्रसंगाच्या मापाने बेतलेले असते. दृश्य संपले की तेही थांबते. घरी सलग ऐकता यावे म्हणून विल्यम्स यांनी निवडक रचनांची नव्याने मांडणी करून त्या वाद्यवृंदाकडून पुन्हा वाजवून घेतल्या. सिनेमातल्या संगीताला ऑस्कर मिळाले, तर अल्बमला ग्रॅमी.

मूळ संगीत कधी मिळाले?
सिनेमातले ध्वनिमुद्रण २००० मध्ये सीडीवर आले. २०१५ मध्ये ‘इंट्राडा’ कंपनीने दोन सीडींच्या संचात दोन्ही ध्वनिमुद्रणे एकत्र दिली.

श्रोत्यांना काय लाभ?
विस्तारित आवृत्ती म्हणजे फक्त वाढीव मिनिटे नव्हेत. पडद्यासाठी लिहिलेले आणि कानांसाठी पुन्हा घडवलेले, असे एकाच संगीतकाराचे दोन्ही विचार आता शेजारी ठेवून ऐकता येतात. म्हणूनच मूळ ध्वनिमुद्रण मिळाले तरी जुनी एलपी बाद ठरत नाही.