गोचीडजन्य माकडताप : वाहक, लक्षणे व प्रतिबंध

प्रस्तावना :
गोचीड हा कीटक नसून कोळी व विंचू यांच्या वर्गातील रक्तशोषक परजीवी आहे. डासांप्रमाणेच गोचिडींद्वारेही अनेक रोगांचा प्रसार होतो. सह्याद्रीच्या वनपट्ट्यातील ‘क्यासनूर वनज्वर’ अर्थात माकडताप हा त्यांपैकी एक गंभीर रोग होय. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात तो प्रथम आढळला. पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्राने त्याच्या विषाणूचा शोध लावला. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात व २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याचा उद्रेक झाला.

वाहक :
‘माकडताप’ या नावामुळे माकड हेच रोगाचे मूळ आहे, असा समज होतो. वस्तुतः वानर व माकड हे मनुष्याप्रमाणेच या रोगाचे बळी आहेत. ‘हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा’ ही गोचीड रोगाची प्रमुख वाहक होय. अंडे, डिंभ, अर्भक व प्रौढ अशा तिच्या चार अवस्था असतात. डिंभावस्थेत शिरलेला विषाणू पुढील अवस्थांतही टिकून राहतो. मनुष्यास प्रामुख्याने अर्भकावस्थेतील गोचीड चावते. आकाराने अतिशय लहान असल्याने ती सहसा लक्षात येत नाही. बाधित माकड मेल्यावर त्याच्या अंगावरील गोचिडी परिसरातील पालापाचोळ्यात पसरतात व तो भाग धोकादायक बनतो. प्रौढ गोचिडी गुरांच्या रक्तावर पोसल्या जात असल्याने जंगलात चरणाऱ्या गुरांमुळे त्यांची संख्या वाढते.

लक्षणे :
दंशानंतर साधारणतः ३ ते ८ दिवसांत थंडी वाजून तीव्र ताप येतो. डोकेदुखी, स्नायूंच्या तीव्र वेदना, उलट्या व जुलाब ही अन्य लक्षणे होत. काही रुग्णांत नाक व हिरड्यांतून रक्तस्राव होतो. बहुतेक रुग्ण एक-दोन आठवड्यांत बरे होतात. तथापि १० ते २० टक्के रुग्णांत तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ताप उलटतो. त्या वेळी कंप, दृष्टिदोष व मानसिक गोंधळ आढळतो. मृत्यूचे प्रमाण ३ ते ५ टक्के आहे. हा रोग एका मनुष्याकडून दुसऱ्यास होत नाही.

प्रतिबंध :
या रोगावर विशिष्ट विषाणुरोधक औषध उपलब्ध नाही. पूर्वी वापरात असलेली लस परिणामकारकता घटल्याने कर्नाटकात २०२२ मध्ये बंद करण्यात आली. त्यामुळे दंश टाळणे हाच मुख्य उपाय ठरतो. डिसेंबर ते मे हा रोगाचा हंगाम असून काजूवेचणीचा काळही याच सुमारास येतो. म्हणून बागेत व जंगलात जाणाऱ्यांनी अंगभर कपडे घालावेत, गोचीड-प्रतिबंधक तेल लावावे, घरी परतताच गरम पाण्याने स्नान करून अंग तपासावे. मृत माकड आढळल्यास त्यास स्पर्श न करता वनखात्यास अथवा आरोग्य केंद्रास कळवावे. ताप आल्यास जंगलात जाऊन आल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, जेणेकरून रक्तचाचणी वेळेत होईल.

समारोप :
सारांश, माकडाचा मृत्यू ही मनुष्यास मिळालेली पूर्वसूचना असते. माकडास दोष देऊन त्याला पळवून लावल्याने रोग टळत नाही. ती सूचना ओळखून गोचिडीपासून बचाव केल्यास अनेक कष्टकऱ्यांचे प्राण वाचू शकतात.