कूपरेजचे मैदान

मुंबईत मंत्रालयाच्या परिसरात, ओव्हल मैदानाच्या दक्षिणेस, उंच इमारतींच्या दाटीत फुटबॉलचे एक लहानसे मैदान आहे. त्याचे नाव कूपरेज. कोणा कूपर आडनावाच्या गृहस्थावरून हे नाव पडले असावे, असे ऐकणाऱ्यास वाटते. परंतु तसे नाही. लाकडी पिंपे घडविणाऱ्या कारागिरास इंग्रजीत 'कूपर' म्हणतात. अठराव्या शतकात अशा कारागिरांची कर्मशाळा येथे होती. आरमारातील खलाशांसाठी खारविलेले मांस ज्या पिंपांत भरीत, ती येथे तयार होत. हातोड्यांचा तो ठणठणाट केव्हाच थांबला. नाव मात्र जागेला चिकटून राहिले.

या मैदानाची कीर्ती वाढली ती रोव्हर्स चषकामुळे. ही स्पर्धा मुंबईत १८९१ साली सुरू झाली. पहिला मान वूस्टरशायर पलटणीने मिळविला आणि पुढे दीर्घकाळ हा चषक गोऱ्या शिपायांच्याच हाती राहिला. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला, तेव्हा कोठे भारतीय खेळाडूंच्या गळ्यात विजयाची माळ पडली.

स्वातंत्र्यानंतर मात्र कूपरेजवर एका संघाचे जणू राज्यच झाले. तो संघ म्हणजे हैदराबाद सिटी पोलीस. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे त्याने रोव्हर्स चषक कोणासही नेऊ दिला नाही. औसा, लातूर, नांदेड हा सारा मुलूख त्या काळी हैदराबाद राज्यातच होता. तो १९५६ साली त्यातून वेगळा झाला. तेव्हा मराठवाड्याच्या दृष्टीने हा विजय आपल्याच राजधानीचा होता. या संघाचे मार्गदर्शक सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. एकट्याने चेंडू पळवीत नेण्यापेक्षा तो अचूक व झटपट सोबत्याकडे द्यावा, यावर त्यांचा भर असे. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ व १९६२ साली आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविले.

नवल असे की, मुंबईच्या या मैदानाला मोठेपण दिले ते बव्हंशी बाहेरगावच्या संघांनी. मुंबईचे संघही पुढे येथे नांदले. महिंद्र युनायटेडचे हे घरचे मैदान. त्या संघाने २००५-०६ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. पण २०१० साली तो संघच विसर्जित झाला. मुंबई एफ. सी. हा संघही येथे खेळत असे. तोही फार काळ टिकला नाही. रोव्हर्स चषक तर एकविसाव्या शतकाच्या आरंभीच बंद पडला होता.

मैदानावरील जुनी हिरवळ जाऊन आता तेथे कृत्रिम हिरवळ आली आहे. प्रेक्षक मावतात ते सुमारे पाच हजार. मोठे सामने अंधेरीस वा नव्या मुंबईस होतात. कूपरेजवर खेळतात ते शहरातले लहानमोठे संघ, आणि शेजारच्या बागेत आलेली मुले कुंपणापाशी उभी राहून ते सामने पाहतात.