बर्च, मार्टिन

बर्च, मार्टिन : (२७ डिसेंबर १९४८–९ ऑगस्ट २०२०). इंग्लिश ध्वनिमुद्रण-अभियंता व ध्वनिमुद्रिका-निर्माता. ‘हेवी मेटल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रॉक संगीतप्रकाराला ध्वनिमुद्रित रूप देणाऱ्यांत त्याची प्रामुख्याने गणना होते. त्याचा जन्म इंग्लंडमधील वोकिंग येथे झाला.

चित्रपटाचा निर्माता मुख्यत्वे भांडवल उभारतो; ध्वनिमुद्रिकेच्या निर्मात्याचे काम मात्र चित्रपट-दिग्दर्शकाच्या कामाशी अधिक मिळतेजुळते असते. गीतांची निवड व क्रम, वादनाची गती, मायक्रोफोनांची मांडणी, अनेक आवृत्त्यांतून योग्य ती निवडणे आणि स्वतंत्रपणे मुद्रित केलेल्या ध्वनींचे अखेरचे मिश्रण या सर्वांवर त्याची देखरेख असते. हेवी मेटल संगीतात हे काम विशेष अवघड ठरते. या संगीतात विद्युत् गिटारचा ध्वनी हेतुपुरस्सर विरूपित केलेला असतो. त्यामुळे मूळ स्वरासोबत अनेक उपस्वर निर्माण होऊन तो कंप्रतांचा विस्तृत पट्टा व्यापतो व गायकाचा आवाज, बेस गिटार आणि ड्रम यांना झाकून टाकतो. शिवाय प्रत्यक्ष कार्यक्रमातील प्रचंड आवाज घरातील लहान ध्वनिक्षेपकातून जसाच्या तसा ऐकविता येत नाही. सर्वच वाद्ये मोठी केल्यास कोणतेच मोठे वाटत नाही. म्हणून प्रत्येक वाद्याला स्वतंत्र जागा देऊन, आवाज कमी असतानाही जोर जाणवेल अशी रचना निर्मात्याला करावी लागते.

बर्चने प्रारंभी अभियंता म्हणून काम केले. ‘डीप पर्पल’ या इंग्लिश बँडच्या डीप पर्पल इन रॉक (१९७०) या ध्वनिमुद्रिकेपासून त्याचे नाव पुढे आले. याच बँडची मशीन हेड (१९७२) ही ध्वनिमुद्रिका स्वित्झर्लंडमधील माँट्र येथे तयार झाली. त्यासाठी ठरविलेले कॅसिनो ४ डिसेंबर १९७१ रोजी आगीत भस्मसात झाल्याने हिवाळ्यासाठी बंद असलेल्या एका हॉटेलात मुद्रण करावे लागले. वादक मार्गिकेत वाजवीत व मुद्रणयंत्रे बाहेर उभ्या केलेल्या मोटारीत असत. तेथवर जाण्याची वाट इतकी अडचणीची होती, की वादकांनी मुद्रण ऐकण्यास जाणे हळूहळू सोडून दिले. त्यामुळे बर्चच्या कानांवर भिस्त ठेवणे त्यांना भाग पडले. पुढे मेड इन जपान (१९७२) या प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रिकेचाही तो अभियंता होता.

‘रेनबो’ या बँडच्या रायझिंग (१९७६) या ध्वनिमुद्रिकेचा तो निर्माता होता. १९७९ मध्ये गायक ऑझी ऑझबोर्न ‘ब्लॅक सॅबथ’मधून बाहेर पडला. त्यानंतर रॉनी जेम्स डीओ या नव्या गायकासह या बँडने केलेल्या हेवन अँड हेल (१९८०) व मॉब रूल्स (१९८१) या ध्वनिमुद्रिकांची निर्मितीही बर्चनेच केली. किलर्स (१९८१) पासून फीअर ऑफ द डार्क (१९९२) पर्यंत ‘आयर्न मेडन’च्या सर्व स्टुडिओ-ध्वनिमुद्रिकांशी तो निगडित होता. त्यांपैकी द नंबर ऑफ द बीस्ट (१९८२) या ध्वनिमुद्रिकेने ब्रिटनमधील विक्रीत पहिले स्थान मिळविले. तिच्या शीर्षकगीताचा संथ आरंभ बर्चने आपल्याकडून तासन्‌तास पुनःपुन्हा गाऊन घेतला व त्यामुळे आपला संयम सुटला, अशी आठवण गायक ब्रूस डिकिन्सन याने सांगितली आहे. त्यानंतर मुद्रित झालेली दीर्घ किंकाळी ही त्या गीताची ओळख बनली.

१९९२ मध्ये, ऐन चाळिशीत, बर्च या व्यवसायातून निवृत्त झाला. निर्मात्याने स्वतःची छाप उमटवावी की वादकांचा मूळ स्वभाव जपावा, हा या व्यवसायातील जुना वादविषय आहे. बर्चचा कल दुसऱ्या पक्षाकडे होता. त्याने घडविलेल्या ध्वनिमुद्रिकांत स्पष्टता समान असली, तरी प्रत्येक बँडचा ध्वनी वेगळा ओळखू येतो. यामुळेच त्याचे नाव सामान्य श्रोत्यांना फारसे परिचित नसले, तरी त्याचे काम त्यांच्या कानांवरून अनेकवार गेलेले असते.