पुस्तक डब्लिनला, नाव केल्सचं!

आयर्लंड फिरून आलेल्या कुठल्याही मित्राचे फोटो बघा. हिरवीगार कुरणं, गिनीजचा ग्लास आणि 'बुक ऑफ केल्स'च्या प्रदर्शनाचं तिकीट हमखास सापडणार. पण खुद्द केल्सचा फोटो? तो शोधूनही मिळायचा नाही. डब्लिनपासून जेमतेम ६५ किलोमीटरवर असलेलं हे गाव आपल्याच पुस्तकामुळे झाकोळलं गेलंय.

या गावाची गोष्ट सुरू होते तीच पुस्तकावरच्या भांडणानं. सहाव्या शतकात संत कोलमकिलनं फिनियन या आपल्या गुरूच्या पुस्तकाची गुपचूप नक्कल उतरवली, अशी आख्यायिका आहे. प्रकरण राजापर्यंत गेलं. राजा म्हणाला, वासरू गायीचं, तशी नक्कल मूळ पुस्तकाची. थोडक्यात काय, कॉपीराइटचा खटला! पुढे ५६३ साली कोलमकिल स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावर गेला आणि तिथे त्यानं मठ स्थापला.

या मठावर व्हायकिंग लुटारूंच्या धाडी पडू लागल्या. ८०६ साली तर त्यांनी तिथल्या ६८ जणांना ठार केलं. मग मठवासीयांनी आयर्लंडमध्ये, केल्सला नवा मठ उभारायला घेतला. तिथलं चर्च ८१४ मध्ये पुरं झालं. 'बुक ऑफ केल्स' साधारण ८०० सालचं. त्यात चार शुभवर्तमानं लॅटिनमध्ये, वासराच्या कातड्याच्या ६८० पानांवर लिहिली आणि रंगवली आहेत. ते आयोनात सुरू झालं आणि केल्सला तडीस गेलं, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

१००७ मध्ये ते चोरीला गेलं. दोन महिने वीस दिवसांनी मातीखाली सापडलं, पण वरचं सोनं गायब! चोराला पुस्तकात इंटरेस्ट नव्हताच. बाराव्या शतकात मठाच्या जमिनींचे व्यवहारसुद्धा याच पुस्तकातल्या कोऱ्या जागेत नोंदवले गेले. म्हणजे गावाचा सातबाराच म्हणा ना!

मी केल्सला गेले तेव्हा चर्चच्या आवारात मोजून चार माणसं होती. समोर साधारण २६ मीटर उंचीचा गोल मनोरा. १०७६ साली एका राजाचा खून झाला तो याच मनोऱ्यात. वर पाच खिडक्या, गावात येणाऱ्या पाच वाटांवर नजर ठेवायला. शेजारी दगडी क्रूस, त्यातला एक तर अर्धवट कोरून सोडलेला. जवळच कोलमकिलचं घर म्हणून ओळखली जाणारी, उतरत्या दगडी छपराची छोटी इमारत. आणि गंमत म्हणजे गावातले काही रस्ते आजही गोल वळतात, कारण ते मठाच्या जुन्या कुंपणाला धरून आहेत. भर चौकातल्या मार्केट क्रॉसचा १७९८ च्या बंडानंतर फाशी द्यायला वापर झाला, असं सांगतात. १९९६ मध्ये एका वाहनाची धडक बसली आणि तो जुन्या कोर्टासमोर छपराखाली हलवावा लागला.

मग पुस्तक गेलं कधी? क्रॉमवेलच्या धामधुमीत, १६५० च्या दशकात ते सुरक्षित राहावं म्हणून डब्लिनला पाठवलं आणि तिथून ट्रिनिटी कॉलेजकडे आलं. सांभाळायला दिलेली वस्तू परत आलीच नाही. 'निदान एक खंड तरी द्या,' अशी मागणी गावातून अधूनमधून होत असते. १९५३ मध्ये पुस्तक चार खंडांत बांधलं गेलंय, त्यामुळे तेवढं शक्यही आहे. २००० साली एक खंड थेट ऑस्ट्रेलियात कॅनबेराला गेला होता, मग ६५ किलोमीटर का नाही? पण त्याच प्रवासात रंगाला थोडी इजा झाली, त्यामुळे ट्रिनिटीची काळजीही खोटी नाही.

राजाच्या न्यायानं पाहिलं तर गाय कोण? आयोना, केल्स की ट्रिनिटी? मला विचाराल तर पुस्तक राहू दे तिथेच. बाराशे वर्षांची पानं हलवण्यापेक्षा आपण हललेलं बरं! डब्लिनहून केल्सला बस जाते, तासा-सव्वा तासाचा तर प्रवास. पण एक करा, क्रम उलटा ठेवा. आधी केल्सचे गोल रस्ते पायी फिरा, ते अर्धवट कोरलेले दगड बघा, आणि मग डब्लिनच्या रांगेत उभे राहा. काचेआडचं पान कुठून आलंय, ते तुम्हाला माहीत असेल.