परतीच्या वाटेवरील कलादालने

नोकरीनिमित्त परराज्यात राहणाऱ्या अनेक मराठी माणसांना गावी जाताना मुंबईत गाडी बदलावी लागते. मागच्या खेपेस माझी एक गाडी सकाळी पोहोचली आणि दुसरी रात्री सुटणार होती. मधला वेळ फलाटावर डुलक्या घेत काढण्याऐवजी मी सामान स्थानकावर ठेवले आणि हुतात्मा चौकावरून चालत काळा घोडा गाठला. येथे पूर्वी सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा होता. तो १९६५ साली हलवण्यात आला. नाव मात्र टिकले. २०१७ पासून तेथे स्वार नसलेला नवा काळा घोडा उभा आहे.

जहांगीर कलादालनाच्या दाराशी मात्र मी घुटमळलो. चुरगळलेले कपडे, रात्रीचे जागरण, आणि मनात जुनीच शंका : यातले आपल्याला काय कळणार? पण येथे प्रवेशशुल्क नाही. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे दालन १९५२ पासून सर्वांना खुले आहे. प्रदर्शने बहुधा आठवडाभर चालतात आणि पुष्कळदा चित्रकार स्वतः तेथे बसलेले असतात.

एका जलरंगचित्रात पितळी तांब्या व दोन कांदे होते. तांब्याच्या काठावर उजेड चमकत होता. ''हा पांढरा रंग कसा लावलात?'' असे मी चित्रकाराला विचारले. तो हसून म्हणाला, ''लावलाच नाही. तेवढा कागद कोरा सोडला आहे.'' जलरंग पारदर्शक असतात. त्यांच्याखालून कागद दिसतो आणि कागदाचा पांढरेपणा हाच चित्रातला उजेड ठरतो. तैलरंगात मात्र पांढरा रंग वरून चढवता येतो. म्हणून चित्राशेजारच्या चिठ्ठीवर नावाइतकेच माध्यमही वाचावे.

त्या कांद्यांवरून मला कृष्णाजी हौळाजी आरा आठवले. हैदराबादजवळच्या बोलारम येथे १९१४ साली जन्मलेले आरा लहानपणीच मुंबईत आले. त्यांनी घरगडी म्हणून काम केले, मोटारी धुतल्या. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवासही भोगला. शालेय शिक्षण नाममात्र झालेल्या या माणसाची फुले, फळे आणि भांडी यांची चित्रे नावाजली गेली. सूझा, रझा, हुसेन, गाडे व बाकरे यांच्याबरोबर १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे ते सदस्य होते. चित्र समजण्यासाठी पदवी लागते असे मानणाऱ्याने आरांकडे पाहावे.

शेजारीच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. तेथे तिकीट काढावे लागते. पण लघुचित्रांसाठी ते जरूर काढावे. मोठे चित्र दोन पावले मागे सरून पाहायचे असते, तर लघुचित्राच्या जवळ जावे लागते, कारण ते मुळात हातात धरून पाहण्यासाठी रंगवलेले असे. खारीच्या केसांच्या कुंचल्याने काढलेली एकेक भुवई, एकेक पान दिसू लागले की पाय निघत नाही. सगळी दालने एका दमात उरकू नयेत. मी चारच चित्रे पाहिली, पण मनसोक्त पाहिली.

समोरच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयासाठी वेळ अपुरा पडला. १९११ साली बांधलेल्या कावसजी जहांगीर सभागृहात ते १९९६ पासून आहे. सोमवारी ते बंद असते, एवढे लक्षात ठेवावे.

रात्री गाडीत समोरच्या आजींनी पितळी डबा उघडला. भाकरीचा एक तुकडा मोडून त्यांनी माझ्यापुढे धरला, ''घ्या, बाबा.'' डब्याच्या काठावर दिव्याचा उजेड पडला होता. एवढा कागद कोरा सोडावा लागेल, असे माझ्या मनात आले.